मेंदूची निगा आणि कामाचे तास

अमेरिकेतील मेंदूचे शल्यविशारद डॉ. संजय गुप्ता यांचे ‘कीप शार्प’ हे पुस्तक जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अल्पावधीतच तेथील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत जाऊन बसले. माणसाचे वय काहीही असो, मेंदूची मशागत केल्यास तो अधिक तल्लख होऊ शकतो आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतो, हे त्याचे प्रतिपादन. त्याआधी २००७ साली त्यांनी दीर्घायुष्यावर ‘चेसिंग लाइफ’ हे पुस्तक लिहिले होते. डॉ. गुप्तांचे आईवडील भारतातून तेथे गेलेले. दोघेही फोर्ड मोटर कंपनीत अभियंते होते. डॉ. गुप्ता अटलांटा शहरातील ग्रेडी या सार्वजनिक रुग्णालयात शस्त्रक्रिया करतात आणि सीएनएन या दूरचित्रवाहिनीवरून आरोग्यविषयक वार्तांकन करतात. २००९ मध्ये ओबामांनी सर्जन जनरल या पदासाठी त्यांचा विचार केला होता. परंतु त्यांनी स्वतःच आपले नाव मागे घेतले. सारांश, हा गृहस्थ कोणी भोंदू वैद्य नव्हे. त्यांचे म्हणणे गंभीरपणे घेतले पाहिजे, आणि गंभीरपणे घेतले म्हणजेच त्याच्या मर्यादाही दिसू लागतात.

त्यांच्या सांगण्यातील पाच सूत्रे अशी : शरीर हलते ठेवा, नवे काही शिकत राहा, विश्रांती व झोप नीट घ्या, सकस खा, आणि माणसांत मिसळा. त्यासाठी बारा आठवड्यांचा एक कार्यक्रमही त्यांनी आखून दिला आहे. यात शास्त्राला सोडून काही नाही. बुद्धिवर्धक गोळ्या विकणाऱ्यांची अमेरिकेत रेलचेल आहे. खेळांनी मेंदू तल्लख होतो असे सांगून पैसे कमावणाऱ्या ‘ल्युमोसिटी’ या कंपनीला तेथील सरकारी व्यापार आयोगाशी वीस लाख डॉलर भरून २०१६ मध्ये तडजोड करावी लागली. अशा बाजारात एक शल्यविशारद चाला, झोपा आणि शेजाऱ्याशी बोला असे सांगतो, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

पण ही पाच सूत्रे कोणाला उद्देशून सांगितली आहेत? ज्याच्या दिवसाचे चोवीस तास त्याच्या स्वतःच्या मालकीचे आहेत, त्याला. भिवंडीच्या किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार घ्या. त्याला अधिक हालचाल करण्याचा उपदेश करणे ही थट्टा होईल. पाळीभर तो मागांमधून येरझाऱ्याच घालीत असतो. झोपेचे म्हणाल, तर एका आठवड्यात दिवसपाळी आणि पुढल्या आठवड्यात रात्रपाळी, शिवाय एकाच खोलीत पाळीपाळीने निजणारे आठ-दहा जण. माणसांत मिसळण्याचे म्हणाल, तर त्याची माणसे बिहारात, उत्तर प्रदेशात किंवा तेलंगणात राहिलेली. सकस आहार खाणावळीच्या मालकाच्या हाती, आणि नवे शिकण्याला वेळ कोठून आणायचा? पाचही सूत्रे त्याने पाठ केली तरी त्यांतले एकही पाळणे त्याच्या हाती नाही. तीच गोष्ट गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकाशी बारा तास बसणाऱ्या रखवालदाराची आणि पहाटेची गाडी पकडून दोन ठिकाणी धुणीभांडी करणाऱ्या बाईची.

यंत्रमागाचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला ठाऊक आहे की, तेथे शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. जन्मभर धोट्याचा खडखडाट ऐकून पन्नाशीच्या आत बहिरे झालेले कामगार आपल्या सभांना येतात आणि पुढच्या रांगेत बसतात. बहिरेपण हे म्हातारपणाचे लक्षण आहे, असे समजून आपण त्यांच्याशी जरा मोठ्याने बोलतो आणि विषय सोडून देतो. परंतु ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ च्या अहवालात जे चौदा टाळता येण्याजोगे धोके मोजले, त्यांत ऐकू न येणे हा मोठ्या धोक्यांपैकी एक आहे. आयोगाच्या मते हे चौदाही धोके दूर झाले तर जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबू शकेल. २०२० च्या अहवालात धोके बारा होते आणि प्रमाण ४० टक्के होते.

ही चौदा धोक्यांची यादी समाजवादी कार्यकर्त्याने मुळातून वाचावी अशी आहे. तिच्यात तंबाखू, मद्य, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव हे नेहमीचे धोके आहेतच. परंतु बालपणी शिक्षण न मिळणे, हवेचे प्रदूषण, डोक्याला झालेली इजा, एकाकीपण, उपचार न झालेली दृष्टिमंदता हेही आहेत. सातवीत शाळा सुटलेल्या मुलीने साठाव्या वर्षी शब्दकोडी सोडवावीत, म्हणजे तिची भरपाई होईल, असे कोणी म्हणणार आहे काय? चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत राहणाऱ्याने कोणत्या आठवड्याच्या कार्यक्रमानुसार श्वास घेणे थांबवायचे? परांचीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या बांधकाम मजुराला शिरस्त्राण कंत्राटदाराने द्यायचे असते. भारतात साठीपुढील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीतून पुढे आला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. ज्यांना शाळा नाकारली गेली त्यांच्याच वाट्याला हे म्हातारपण अधिक यावे, यात दैवाचा भाग थोडाच आहे.

ब्रिटनमधील एका प्रसिद्ध अभ्यासाचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९६७ पासून लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यात आली. यांत भुकेकंगाल कोणी नव्हते. सर्वांना पक्की नोकरी होती आणि सर्वांना राष्ट्रीय आरोग्यसेवा मोफत होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-दारवानांमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट भरले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी नेहमीची कारणे हिशेबात घेऊनही ही तफावत पुरती उलगडेना. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती, या प्रश्नाशी या तफावतीचा जवळचा संबंध आहे. साहेबाला मरण येते ते दगदगीने, ही कचेरीतील लोकप्रिय समजूत आकड्यांपुढे टिकली नाही. याच कर्मचाऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये असेही दिसून आले की, पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होते.

लंडनचेच आणखी एक उदाहरण. तेथील टॅक्सीचालकाला परवाना मिळवण्यासाठी शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले की, या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित अवयवाचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असतो. या संशोधनाची सर्वत्र वाहवा झाली. मेंदू शिकवल्याने वाढतो, याचा पुरावा म्हणून डॉ. गुप्तांच्या पठडीतील लेखक त्याचा हवाला देतात. परंतु २००६ मध्ये त्यांनीच टॅक्सीचालकांची तुलना लंडनच्या बसचालकांशी केली, तिची चर्चा त्या मानाने फार कमी झाली. शहर तेच, रहदारी तीच, ताणही तोच. पण बसचालकाचा मार्ग वरून ठरवून दिलेला. त्याच्या मेंदूत ती वाढ आढळली नाही. काम कोणत्या प्रकारचे आहे, त्यात डोके चालवण्याला जागा आहे की नाही, यावर मेंदूची घडण अवलंबून असते, असा याचा अर्थ होतो. तो लक्षात घेतला, तर जुळणीच्या पट्ट्यापुढे वीस वर्षे एकच खिळा बसवणाऱ्या कामगाराच्या मेंदूचे काय होत असेल, हा प्रश्न कोणत्याही मज्जाविज्ञान संस्थेने आपणहून विचारायला हवा होता. फोर्ड कंपनीतील अभियंत्यांच्या घरात वाढलेल्या लेखकाला तर तो सुचणे अगदी स्वाभाविक होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात आढळले. दीर्घ तास काम केल्यामुळे या दोन विकारांनी २०१६ या एका वर्षात जगभर ७ लाख ४५ हजार माणसे मरण पावली, असा त्यांचा हिशेब आहे. पक्षाघात म्हणजे मेंदूचाच आजार. मेंदूच्या शल्यविशारदाच्या टेबलावर येणाऱ्या रुग्णांतील काही जण कारखान्याच्या हजेरीपटावरून तेथे आलेले असतात, असा याचा सरळ अर्थ आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रात काय चालले आहे? ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला ११५ तासांवरून १४४ तास करण्याचेही ठरले. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, जादा कामाला दुप्पट मोबदला मिळेल, गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, असे समर्थन देण्यात आले. या आकड्यांचा साधा हिशेब करून पाहू. तिमाहीत तेरा आठवडे असतात. १४४ ला तेराने भागले म्हणजे आठवड्याला अकरा तासांहून थोडे अधिक येतात. ते ४८ तासांत मिळवा. बेरीज ५९ च्या वर जाते. दोन जागतिक संघटनांनी धोक्याची म्हणून आखलेली रेषा ५५ तासांची आहे. जुन्या ११५ तासांच्या मर्यादेतही बेरीज ५६ च्या पुढे जात होतीच, तेव्हा या पापाचा प्रारंभ या मंत्रिमंडळाने केला असे म्हणता येणार नाही. त्याने रेषेपासूनचे अंतर वाढवले. आणि जेथे फाटकाबाहेर दहा जण काम मागत उभे आहेत तेथे लेखी संमतीला काय किंमत असते, हे ज्याने कधी कंत्राटी कामगारांत काम केले आहे त्याला सांगण्याची गरज नाही.

याच मुंबईत १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करण्यास प्रारंभ केला आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुट्टी गिरणीमालकांकडून मान्य करवून घेतली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खाते सांभाळीत असताना आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणण्याची जी पावले पडली, त्यांतून १९४६ ची दुरुस्ती झाली. कार्यक्षमता व दीर्घायुष्य या दोन्ही बाबतींत मराठी माणसाच्या मेंदूवर झालेले हे सर्वांत मोठे उपचार होत, आणि ते करणाऱ्यांपैकी कोणीही शल्यविशारद नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका नामांकित संगणक कंपनीचे संस्थापक तरुणांनी आठवड्याला सत्तर तास राबावे असे म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या प्रमुखांची मजल नव्वद तासांवर आणि रविवारीही कामावर यावे इथवर गेली. याच वर्गाच्या परिषदांतून मेंदूची कार्यक्षमता वाढवणाऱ्या व्याख्यात्यांना मानाने बोलावले जाते. नव्वद तास राबून उरलेल्या वेळात ध्यान कसे करावे, हे शिकवणारे शास्त्र त्यांना प्रिय न झाले तरच नवल.

आपल्या घरातही या बाबतीत सारे स्वच्छ नाही, हे नमूद केले पाहिजे. टेलरच्या घड्याळशास्त्राला शोषणाचे शास्त्र म्हणणाऱ्या लेनिनने १९१८ मध्ये ते आत्मसात करण्याचे आवाहन केले आणि १९३५ नंतर रशियात स्ताखानोव्हच्या नावाने कामगारांवर उत्पादनाचे नवनवे उच्चांक लादले गेले. दीर्घायुष्याचे वेडही समाजवाद्यांना परके नाही. बोग्दानोव्ह हा जुना बोल्शेविक वैद्य होता. रक्ताची परस्पर देवघेव केल्याने माणसे ताजीतवानी होतील आणि त्यांच्यात बंधुभावही वाढेल, या श्रद्धेने त्याने १९२६ मध्ये मॉस्कोत रक्तसंक्रमणाची संस्था काढली. १९२८ मध्ये एका क्षयी विद्यार्थ्याशी रक्ताची अदलाबदल करून तो मरण पावला, विद्यार्थी जगला. त्याचे शास्त्र कच्चे होते, पण त्याने दिलेही आणि घेतलेही. २०२३ मध्ये ब्रायन जॉन्सन या अमेरिकन धनिकाने आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा रक्तद्रव स्वतःच्या अंगात चढवून घेतला, आणि काही महिन्यांनी फायदा दिसला नाही म्हणून तो नाद सोडला. वय रोखण्यासाठी हा गृहस्थ वर्षाला सुमारे वीस लाख डॉलर खर्च करतो. त्याच अमेरिकेत २०१४ ते २०१७ या काळात सरासरी आयुर्मान वर चढण्याऐवजी खाली आले, आणि त्याला मुख्यतः मादक द्रव्ये, मद्य व आत्महत्या यांनी मरणारी, महाविद्यालयात न गेलेली कामकरी माणसे कारण होती.

डॉ. गुप्तांची या प्रश्नाशी एकदा समोरासमोर गाठ पडली होती. २००७ मध्ये मायकेल मूर यांनी ‘सिको’ या अनुबोधपटात अमेरिकेच्या नफेखोर आरोग्यव्यवस्थेची क्युबाशी तुलना केली. तिची छाननी करताना, क्युबाचा दरडोई आरोग्यखर्च मूर २५ डॉलर सांगतात असा आक्षेप डॉ. गुप्तांनी घेतला. चित्रपटात आकडा २५१ होता, आणि वाहिनीला जाहीर दुरुस्ती करावी लागली. एका आकड्याच्या चुकीवरून कोणाला झोडपणे योग्य नव्हे. अमेरिकेच्या तुलनेत इतका अल्प खर्च करणाऱ्या देशाचे आयुर्मान तेव्हा अमेरिकेच्या बरोबरीने कसे होते, हा प्रश्न मात्र त्या वादात बाजूला पडला. (आज क्युबात औषधांची टंचाई आहे आणि डॉक्टर देश सोडून जात आहेत, हेही आपण झाकून ठेवू नये.) ग्रेडीसारख्या रुग्णालयात गोरगरीब रुग्णांची डोकी उघडणाऱ्या सर्जनाला त्यांच्या आजारामागची घरे आणि नोकऱ्या दिसत नसतील असे मी मानत नाही. परंतु पुस्तक विकत घेणारा ग्राहक वेगळा असतो, आणि त्याला बदलता येण्याजोगे एकच राज्य दाखवावे लागते, ते म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर.

मज्जाविज्ञानाचा खरा विजय कोठे झाला, हे पाहायचे असेल तर पेट्रोलमधील शिशाकडे पाहावे. मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये दाखवले की, जास्त शिसे असलेल्या मुलांची बुद्धी आणि एकाग्रता कमी भरते. शिसे उद्योगाने त्यांना वर्षानुवर्षे छळले. अखेर कायद्याने शिसे हटले. भारतात २००० साली, आणि जगातील शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये. कोट्यवधी मुलांच्या मेंदूला त्याचा लाभ झाला आणि त्यासाठी कोणालाही बारा आठवड्यांचा कार्यक्रम पाळावा लागला नाही. हिमालयाच्या पायथ्याशी कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड हटतो हे सिद्ध केले, तेही याच जातीचे काम. पुढे साध्या मिठावर बंदी आली तेव्हा छोट्या मिठागरवाल्यांच्या पोटावर पाय येतो म्हणून आपल्यापैकी अनेकांनी विरोध केला. त्यांची चिंता खोटी नव्हती. तिला उत्तर होते ते छोट्या उत्पादकाला सरकारने आयोडीन पुरवण्याचे.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी या पुस्तकांना हसू नये. त्यांतील शास्त्र उचलावे आणि मागणीपत्रकात घालावे. एक बाब तर तातडीची आहे. कारखान्यातील आवाजाची कायदेशीर मर्यादा ९० डेसिबल आहे, पण ती आठ तासांसाठी. हवेतील धुळीच्या आणि रसायनांच्या मर्यादाही सामान्यतः आठ तासांची पाळी धरूनच काढलेल्या असतात. पाळी बारा तासांची झाली की कान आणि फुप्फुसे यांवरचा भार दीडपट होतो आणि सावरायला मिळणारा वेळ सोळा तासांवरून बारावर येतो. तास वाढवताना या मर्यादा खाली आणण्याचा विचार मंत्रिमंडळाने केल्याचे ऐकिवात नाही. कामगार संघटनांनी प्रत्येक औद्योगिक वसाहतीत कारखाना निरीक्षकाकडे लेखी विचारणा करावी की, बारा तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा किती धरली आहे, शेवटचे मोजमाप केव्हा झाले आणि कामगारांचे कान कोणी तपासले. यंत्रमाग केंद्रांत तर निरीक्षकाची वाट न पाहता, महापालिका रुग्णालयातील कानाच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन पाळी सुटण्याच्या वेळी तपासणीचे टेबल मांडता येईल. त्या नोंदवह्या तयार असतील तर संमतीपत्रावर अंगठा घेण्यासाठी मालक येईल तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला आपल्याजवळ काहीतरी असेल.